कुंपणावरचा सोडा ब्रेड

मार्च २०२१. सकाळी सासूबाईंना इन्शुलिन टोचलं आणि नाश्ता वाढायच्या आत नागपूरहून दिराचा फोन आला. सासरे गेले. सासूबाई आयर्लंडमध्ये टॅलाला आमच्याकडे सहा महिन्यांसाठी आल्या होत्या. कोरोनात विमानं बंद झाली आणि वर्ष उलटलं. आता दहन फोनवर बघायचं होतं. नवरा फोन धरून जिन्यात बसला.

इन्शुलिन आत गेलेलं, पोट रिकामं. मी रक्त तपासलं. साखर उतरत होती.

"आज घरची चूल नाही पेटत वं," सासूबाई म्हणाल्या. "शेजारचे आणतात पिठलं-भाकर."

आमचे मराठी लोक सगळे पाच किलोमीटरच्या पलीकडे, आणि पाचाच्या पुढे जायला लॉकडाउनची मनाई.

"मायक्रोवेव्ह म्हणजे चूल नव्हे," मी म्हटलं.

"आग ते आग."

"मग पाव खा. दुकानातला आहे."

"आंबलेलं मी कधी खाल्लं का? आज खाऊ?"

चमचाभर साखर पुढे केली तर शेजारचं येईपर्यंत काही नको म्हणून ओठ मिटले. हात थरथरत होते, कपाळावर घाम. वाद घालायला वेळ नव्हता. मी मागच्या दाराने कुंपणाशी गेले आणि शेजारच्या आयरिश आजींना हाक मारली. त्या रोज सकाळी ब्रेड भाजायच्या.

"सासरे गेले. आमच्यात आज शेजाऱ्यांनी जेवण द्यायचं असतं."

"आमच्यातही तसंच," त्या म्हणाल्या. फडक्यात गुंडाळलेला गरम ब्रेड कुंपणाच्या भिंतीवर ठेवला आणि दोन मीटरच्या नियमाप्रमाणे मागे सरकल्या. यीस्ट, अंडं काहीच नाही, फक्त पीठ, ताक, मीठ, सोडा, हे मी विचारून घेतलं.

सासूबाईंनी तो दोन्ही हातांत घेतला. "सोडा चालते. भज्यात घालतोच." मग माझ्याकडे पाहिलं. "तू मागितला का?"

हे मागायचं नसतं, आपण होऊन यावं लागतं.

"नाही," मी म्हटलं.

त्यांनी सुरी बाजूला सारून तुकडा मोडला आणि पाण्याच्या घोटाबरोबर कसाबसा खाल्ला. पंधरा मिनिटांनी साखर चढली. मी हिशोबाने अजून एक तुकडा खायला लावला.

तिसरा तुकडा घेऊन त्या जिन्यात मुलाकडे गेल्या आणि स्वतःच्या हाताने त्याच्या तोंडात घातला. त्याला उतरेना.

"गिळ," त्या म्हणाल्या. "तुह्या बापाच्या नावाचा हाये."