कोकतासच्या कॉलेजची कंगणी

उल्जान आपा कोकतासला आली तेव्हा आमच्या गावात तीन मजली इमारत एकही नव्हती. कोळशाच्या खाणी होत्या, खाणकामगारांची ठेंगणी मातीची घरं होती आणि स्तेपवरून येणारा वारा होता. ताश्कंदला वास्तुकला शिकून ती नुकतीच बाहेर पडली होती. खाण तंत्रशिक्षणाचं कॉलेज बांधायचं काम तिच्या गळ्यात पडलं. बाकी कुणी वास्तुकार इतक्या लांब यायला तयारच नव्हता.

पुढे मी त्याच कॉलेजात रसायन शिकवायला लागले. शिक्षकांच्या खोलीत आमची टेबलं शेजारी शेजारी होती. हे सगळं मला तिच्याकडून कळलं, काही तिच्या सासूकडून.

त्या काळी इमारत म्हटली की राजवाड्यासारखी असावी अशी वरची अपेक्षा होती. तिनंही तशीच काढली. समोर सहा खांब, मध्ये उंच दिवाणखाना आणि वर छताच्या कडेनं पुढे आलेली जाडजूड कंगणी. कंगणीवर मेंढ्याच्या शिंगांची नक्षी, आमच्या लोकरीच्या नमद्यांवर असते तशी. बांधकामावरचा मुकादम येर्मेक पहिल्याच दिवशी नकाशा बघून म्हणाला, "बाई, ही इमारत आहे की टोपी घातलेला पाहुणा? एवढी पुढे काढलीत ती कंगणी, डोक्यावर पडायची कुणाच्या."

"भिंतीवर सावली पडायला हवी," ती म्हणाली. "सावलीशिवाय भिंत मेल्यासारखी दिसते."

याच वादातून त्यांचं जुळलं. त्या उन्हाळ्यात लग्न झालं, वर्षाच्या आत आयमान नावाची मुलगी झाली. येर्मेक कंगणीबद्दल तिला घरीही चिडवत राहिला, पण बांधली मात्र तिच्या नकाशाप्रमाणेच. गिलाव्याचे मोठे ठोकळे साच्यात ओतून लोखंडी आकड्यांवर टांगायचे, असं ते काम होतं. डावी बाजू पूर्ण झाली. उजवी वसंतात करायची ठरली.

त्या मार्चमध्ये दिवसा बर्फ वितळायचा आणि सकाळी सगळं पुन्हा गोठलेलं असायचं. येर्मेक परांचीखाली उभा राहून वर बघत होता. एक ठोकळा सुटला. आवाज फारसा झाला नाही, असं गवंड्यांनी सांगितलं. उल्जान तेव्हा ऑफिसात दिवाणखान्याच्या खिडक्या आखत होती. निरोप आला तसा तिनं पेन पुसून डबीत ठेवलं, शाईच्या बाटलीचं झाकण लावलं, आणि मग निघाली. हे झाकणाचं गावात पुष्कळ वर्षं बोललं गेलं.

चौकशी झाली. आकड्याचं लोखंड कच्चं होतं, असा निष्कर्ष निघाला. कंगणी एवढी पुढे काढली नसती तर ते लोखंड टिकलं असतं का, हे कुणी विचारलं नाही. तिनंही नाही. येर्मेकच्या चाळिसाव्या दिवसाचं जेवण झालं, घोडा कापला, बायका मोठ्यानं रडल्या. ती कढईजवळ उभी राहून बाउरसाक, पिठाचे गोळे, तळत होती. सासूनं सगळ्यांदेखत म्हटलं, "माझं पोरगं खाल्लं त्या इमारतीनं. आता ही रोज तिच्याकडे जाणार." दुसऱ्या दिवशी ती गेलीच. लहान पोर घरात होतं आणि पगार एकच उरला होता.

हिवाळ्याच्या तोंडावर मॉस्कोहून हुकूम आला: बांधकामातली अनावश्यक सजावट बंद. खांब नकोत, नक्षी नको, साधं आणि स्वस्त बांधा. देशभर वास्तुकारांनी डोक्याला हात लावला. आमच्या बांधकाम खात्याचे प्रमुख बोरिस इग्नात्येविच म्हातारे आणि मऊ स्वभावाचे होते. त्यांनी तिला बोलावून घेतलं, चहा दिला आणि सांगितलं, "जे वर चढलेलं नाही ते चढवायचं नाही. चढलेलं आहे त्याचं तू ठरव. मी विचारणार नाही."

"काढून टाका," ती म्हणाली.

"खांबही?"

"खांबांनी काय केलंय? कंगणी काढा."

डाव्या बाजूची कंगणी छिन्नीनं तोडली. शिंगांच्या नक्षीचे तुकडे ट्रकमध्ये भरून रस्त्याच्या भरावात टाकले. गावात दोन तट पडले. कुणी म्हणालं, नवऱ्याचा सूड घेतला. कुणी म्हणालं, नोकरी वाचवली. मी तिला एकदा विचारलं होतं. ती म्हणाली, तेव्हा काहीच वाटत नव्हतं. प्रश्न आला, उत्तर दिलं.

इमारत तशीच उभी राहिली: खांब समोर, वर काही नाही. कंगणी होती तिथे भिंतीवर एक पट्टा राहिला. कितीही रंग दिला तरी ओल आली की तो उठून दिसे. साठच्या दशकात मागे कार्यशाळा वाढवायची ठरली, तीही तिनंच आखली, कारखान्यातून आलेल्या काँक्रीटच्या पॅनेलांची, सपाट छताची. ते छत पहिल्या वर्षापासून गळलं. ती नंतर तिथेच आरेखन शिकवू लागली. सासूला शेवटपर्यंत तिनंच सांभाळलं. सासूच शेवटी मला म्हणाली होती, "ही रडली असती ना, तर मी तिला केव्हाच माफ केलं असतं."

मग देश बदलला. खाणी बंद पडल्या, कॉलेजचं हीटिंग बंद झालं, मुलं ओव्हरकोट घालून वर्गात बसू लागली. तळमजल्यावर जुन्या कपड्यांची आणि कॅसेटची दुकानं आली. आपा निवृत्त झाली होती, तरी रोज चक्कर मारायची. आयमान पावलोदारला राहायची. तिनं कितीदा बोलावलं, पण ही गेली नाही.

कॉलेजला पन्नास वर्षं होत आली तेव्हा दानियार नावाचा तरुण प्राचार्य आला. त्याला इमारत मूळ रूपात हवी होती. जुने नकाशे कुठे गेले कुणालाच ठाऊक नव्हतं. तो मिठाई घेऊन आपाकडे आला. मी तिथेच होते. मला वाटलं, ही त्याला हाकलणार.

"आपा, तुम्ही पुन्हा काढून द्याल का? आज लोकांना त्याची किंमत कळते."

"देईन की," ती म्हणाली. "मोठा कागद आण. आणि चहा थंड होतोय, घे."

तिनं कंगणी पुन्हा आखली. पट्टी माझ्या हातात दिली, रेघा मी ओढल्या. ती फक्त बोट ठेवायची. पुढे किती काढायची तिथे ती थांबली नाही. पूर्वीएवढीच.

ठोकळे शहरातून आले. आम्ही बघायला गेलो तेव्हा कामगार जेवायला बसले होते, ठोकळे परांचीशेजारी रचलेले होते. वरून सिमेंटचा लेप होता, शिंगांची नक्षी स्वच्छ उठली होती. आपानं एकाखाली दोन्ही हात घातले, पाय रोवले आणि जोर लावला. ठोकळा एकदम वर आला, ती मागे झोकांडली. मी तिला धरलं. आत थर्माकोल होतं.

"आपा, जपून," एक कामगार हसत म्हणाला. "वारा आला तर तुम्हालाच घेऊन जाईल."

तीही थोडं हसली. मग ठोकळा छातीशी धरून बराच वेळ उभी राहिली. परतताना रस्त्यात म्हणाली, "मला वाटलं होतं, हातात घेतल्यावर काहीतरी होईल."

"मग?"

"काही नाही झालं. इतकी वर्षं मला वाटत होतं, ते आत कुठेतरी साठलंय. बहुतेक नाहीच."

आम्ही बाजारातून दूध घेतलं.

पन्नाशीच्या समारंभात तिला चपान, मानाचा मखमली झगा, पांघरला आणि पहिल्या रांगेत बसवलं. दानियारनं भाषणात येर्मेकचं नाव घेतलं नाही. त्याला ते माहीतच नव्हतं. आपानंही सांगितलं नाही. ती टाळ्या वाजवत होती, सगळ्यांबरोबर.

पुढच्या वसंतात चिमण्यांनी कंगणी पोखरली. लेप फोडून आत घरटी केली, खाली पांढरा भुसा पडू लागला. दानियार जाळी लावायच्या मागे लागला. त्याच सुमारास आपा आयमानकडे राहायला गेली. गुडघे गेले होते, जिना चढवेना. अजून फोन करते. हवा कशी आहे विचारते, माझ्या रक्तदाबाचं विचारते. कॉलेजचं एकदाच विचारलं. मी चिमण्यांचं सांगितलं.

"असू देत," ती म्हणाली, आणि आयमाननं मांस कसं शिजवलं होतं ते सांगू लागली.