रिलेवरचा कथलाचा गोळा

माझे बाबा अहमदपूरच्या बाजारात भांड्यांना कल्हई करतात आणि गळक्या घागरींना डाग देतात, म्हणजे कथील वितळवून भोक बुजवतात. आमच्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिली. तेही इलेक्ट्रॉनिक्सला, नांदेडला. हे मी कुणालाही मान वर करून सांगते.

शेवटच्या वर्षाला माझा प्रोजेक्ट होता विहिरीचं पाणी संपलं की मोटार आपोआप बंद करणारा बोर्ड. परीक्षेच्या आदल्या दिवशी तो घरीच होता. मोटारीचा करंट तोडणारी रिले मधूनच दगा देत होती, कारण तिचा सोल्डरचा एक टाका कच्चा राहिला होता. सकाळी चहा पिताना मी तसं बोलून गेले आणि रिपोर्टला बाइंडिंग करायला बाहेर पडले.

परत आले तर बाबा बोर्ड मांडीवर घेऊन बसलेले. तोंडावर समाधान.

"आता बैल बांधला तरी सुटायचा न्हाई," म्हणाले.

घागरीला करतात तसंच त्यांनी केलं होतं. नवसागर चोळला, तांब्याची सळई कोळशावर तापवली आणि चिंचोक्याएवढा कथलाचा गोळा बसवला. रिलेचे पाचही पाय त्या एका गोळ्याखाली. शिवाय नवसागर बोर्डावरचं तांबं खातो. बोर्ड गेला तर प्रोजेक्ट गेला, म्हणजे वर्ष गेलं. दुसरा बोर्ड करायला वेळ नव्हता.

मी ओरडले नाही. पण गोडही बोलले नाही. हे पाय एकमेकांना लागायला नकोत, वीज लावली की सगळं जळेल, एवढं सांगितलं. बाबांचा चेहरा उतरला. त्यांनी कुणाची घागरसुद्धा आजवर बिघडवली नव्हती.

माझ्या पंचवीस वॅटच्या सोल्डरिंग आयर्नला तो गोळा दाद देईना. शुद्ध कथील वितळायला जास्त आच मागतं. मग मी माझ्याकडची सोल्डरची तार त्यात घालायला लागले. दोन्ही मिसळलं की कमी आचेवर पातळ होतं. बाबांना ते बघवेना.

"काढायचं हाय का अजून भरायचं हाय?"

भरल्याशिवाय निघत नाही, म्हटलं. पातळ झालेलं ओढून घेणारा पंप माझ्या हातात होता, पण मी दरवेळी घाई करत होते. अर्धं वर यायचं, अर्धं तिथंच थिजायचं. तिसऱ्या वेळी बाबांनी पंप माझ्या हातातून घेतला.

"तू आच धर. पाण्यावानी चमकलं की ओढायचं, त्याच्या आधी न्हाई."

आयुष्य कथलाकडं बघण्यात गेलेला माणूस तो. एकदाही चुकला नाही. एकेक पाय मोकळा झाला, रिले अलगद हातात आली. खालची एक तांब्याची पट्टी मात्र उखडली होती, तिथं बारीक वायर जोडली. जुन्या ब्रशनं गरम पाण्यात बोर्ड घासून नवसागर काढला, उन्हात खडखडीत वाळवला आणि रिले परत बसवली. या वेळी टाके मी मारले. बाबा लांब बसून होते, हात मांडीखाली घालून.

दुसऱ्या दिवशी नांदेडला परीक्षक सरांनी विहिरीऐवजी ठेवलेल्या पाण्याच्या बादलीतून वायर बाहेर काढली. रिले टक् वाजली, मोटारीऐवजी लावलेला दिवा विझला. परत बुडवली, दिवा लागला. असं त्यांनी चार वेळा केलं. मग त्यांनी सही केली.

कॉरिडॉरमध्येच घरी फोन लावला. आईनं उचलला. ती म्हणाली, तुझे बाबा सकाळपासून घरातच हायेत, भट्टी पेटवलीच न्हाई. मी म्हटलं, दे त्यांच्याकडं.

"बाबा, चालला बोर्ड."

पलीकडून लांबलचक सोडलेला श्वास ऐकू आला.

"बरं झालं," म्हणाले. "मग आता जातो दुकानावर. लोकायची भांडी पडून हायेत."