कुस्कोतला कांदा

यवतमाळच्या उन्हात खिशात कांदा ठेवला की लू लागत नाही, हे आमच्याकडे सगळेच मानतात, मीही मानते. पण पेरू देशात, डोंगरावरच्या कुस्कोत, स्वेटरवर स्वेटर चढवायच्या थंडीत कुणी खिशात कांदा घेऊन हिंडतं का? आमचे हे हिंडले. हॉटेलात बॅगा टाकल्या न टाकल्या, तोच बाजारात जाऊन, हातवारे करून एक लालभडक कांदा घेऊन आले.

"अहो, ही लू नाही. इथं हवाच विरळ आहे," मी म्हटलं.

"गरम असो का पातळ, लागते तं हवाच ना?"



ही सहल लेकीनं माझ्यासाठी काढली होती. दिग्रसच्या शाळेत मी वर्षानुवर्षं पोरांना सांगत आले, की इंका लोकांनी चुना-मातीशिवाय दगडावर दगड असे बसवले, की सांध्यात सुरीचं पातंही शिरत नाही. एकदा एका पोरीनं विचारलं, "बाई, तुमी पाह्यलं काय?" तो प्रश्न मनात रुतून बसला. मला त्या सांध्यावर नख फिरवून बघायचं होतं. बाकी शहर नसतं दिसलं तरी चाललं असतं.

म्हणून मी विरळ हवेचे सगळे नियम पाळले. पहिला दिवस पडून काढला, कोकाच्या पानांचा कडवट चहा प्यायले, चिमणीएवढं जेवले. ह्यांनी भाताचा डोंगर आणि अर्धी कोंबडी संपवली, सगळे चढ पालथे घातले, वर एका बटाटेवालीशी वऱ्हाडीत भाव करून आले. "आपल्याले काहीच नाही झालं," म्हणत खिसा थोपटायचे. डोकं माझं ठणकत होतं, मळमळत मला होतं. करावं तसं भरावं म्हणतात. इथं करणारे हे आणि भरणारी मी!

शेवटच्या दिवशी दुपारी विमान होतं, म्हणून सकाळीच निघालो. इंकांच्या त्या भिंतीची गल्ली मोठ्या चौकातून वर जाते. चौकातच मला धाप लागली. बाकावर बसले ती उठताच येईना. "आई, पुरे. आता एक पाऊलही नाही," लेक म्हणाली. गल्लीचं तोंड समोर दिसत होतं. मला रडूच फुटलं.

ह्यांनी कांदा काढला, बाकावर ठेवून बुक्कीनं फोडला आणि माझ्या नाकाशी धरला. भर चौकात! फोटो काढणारे लोक वळून बघायला लागले.

"फेका तो मेला कांदा!" मी ओरडले.

"मंग काय करू, सांग."

"काही करू नका! जा, तुम्हीच पाहून या ती भिंत!"

गेले की! माणसानं इतकं शब्दशः ऐकावं?

बऱ्याच वेळानं परतले. मागे गल्लीत भिंतीचा पहारेकरी अजून शिट्टी फुंकत होता.

"फोटो काढला?"

"मोबाईल तं तुह्याच पर्समंधी हाये."

मी कपाळावर हात मारला. एवढं सातासमुद्रापार येऊन, घरच्या माणसाला एक फोटो जमू नये!

मग त्यांनी उजवा हात पुढे केला. तर्जनीचं नख खोलवर तुटलं होतं, कडेला रक्त आलं होतं.

"लय घालून पाह्यलं. नाही जात. भेटली तं सांग त्या पोरीले, आमी पाह्यलं म्हनून."

हाताला कांद्याचा उग्र वास येत होता. त्या नखावरून मी विमानतळापर्यंत त्यांना बोलत राहिले, पण हात काही सोडला नाही.