लोडर अर्ध्या तासात का बंद पडायचा

मंडळी, आज बोईसरला आमचा छोटा लोडर पुन्हा अर्ध्या तासात बंद पडला. माझा संशय ड्रायव्हर काशिनाथवर होता. हाच डिझेल काढून रॉकेल ओतत असणार.

शिरगावच्या म्हाताऱ्या तात्यांना बोलावलं. साठच्या दशकात वीजकेंद्राच्या बांधकामावर ते मशिनं दुरुस्त करायचे. त्यांनी टाकीचं झाकण सैल करताच फुस्स आवाज झाला आणि चावी फिरवल्यावर इंजिन सुरू झालं.

"झाकनाचं भोक कोनी बंद केलं? हवा आत गेली नाय तर डिझेल येनार कसं?"

चोरी होऊ नये म्हणून झाकणाला चिकटपट्टी मीच गुंडाळली होती.

"तुला दिसत होतं, मग बोलला का नाहीस?" मी काशिनाथला विचारलं.

"शेट, पट्टी काढा म्हनलो असतो, तर तुमी काय समजला असता?"

खरं सांगू? तेच समजलो असतो.