एका पोत्यात बद्रीनाथ

सन दोन हजार अठरा. मी तेव्हा एकोणसत्तर वर्षांचा. शाळा दुसरीपर्यंतच, पण धान पिकवायला कोणाला विचारत गेलो नाही. कुरखेड्याजवळच्या आमच्या गावातले लोक मे महिन्यात बद्रीनाथला निघाले, तेव्हा मीही नाव दिलं. बायको वारल्यापासून घरी एकटाच होतो.

हे ऐकून माजरीहून मुलगी आली. जावई तिकडे कोळसा खाणीत आहे. तिनं दोन स्वेटर, रजई, कानटोपी, सगळं माझ्यापुढं रचलं.

"मी काय तिथी दुकान लावाले चाललो?" मी म्हटलं. "मले एक पोतं बस झालं."

"बाबा, इथी आग पडून राह्यली अन् तिथी बर्फ हाय! आजारी पडून आले, तं शेती ठेक्यानं द्याची अन् माजरीले माह्याजवळ राहाचं. कबूल?"

"कबूल. अन् नाई पडलो, तं पुन्हा हे नाव काढाचं नाई."

मी पोत्यात तनस भरलं, म्हणजे मळणीनंतरचा धानाचा पेंढा. हिवाळ्यात खळ्यावर राखणीला आम्ही असेच निजतो. तनसाच्या पोत्यात पाय घातले की थंडी बाहेरच बसते. तनसाच्या मधोमध एक घोंगडी, दोन धोतरं. उन्हासाठी खिशात कांदा, डोक्यावर ओला दुपट्टा. झालं सामान. रेल्वेत बाकीचे पेट्या ढकलून घामाघूम झाले. मी पोत्यावर ऐसपैस बसलो.

हरिद्वारला एक रोडकी गाय आली अन् पोत्यातून तनस ओढू लागली. मी घोंगडी, धोतरं खांद्यावर टाकली अन् तनस सगळंच तिला घातलं. जिथं गाय तिथं तनस, वर पुन्हा भरून घेऊ, असा माझा हिशोब. वर जीप चढली अन् बघतो तर धानाची बांधी, म्हणजे बांध घातलेलं शेत, कुठंच नाही. नुसते पहाड.

वाटेत खाली उतरलो अन् पाऊस लागला. लोक टपावरच्या बॅगांत प्लास्टिक शोधत भिजले. मी रिकाम्या पोत्याचा एक कोपरा दुसऱ्यात खोचला अन् डोक्यावर घेतलं. नंतर जीपच्या गरम बोनेटवर वाळवलंही. पण वारा बोचायला लागला अन् हातातल्या रिकाम्या पोत्याकडे पाहून मला माजरीचं क्वार्टर दिसलं. दारात खुर्ची, खुर्चीवर मी, दिवसभर.

चहाला जीप थांबली. खाली चिडाची झाडं होती, त्यांच्या सुयांसारख्या वाळल्या पानांचा खच पडलेला. मी उतरलो अन् ओंजळीनं भरू लागलो.

आमच्या गटाचा पुढारी, गावातला किराणावाला, वरून ओरडला, "भाऊ, काटे काऊन भरून राह्यले?"

"टोचन तं माह्याच पायाले ना? तुमी चहा प्या."

बद्रीनाथला त्या पोत्यात पाय घालून, वर घोंगडी घेऊन निजलो. टोचलं खूप. थंडी मात्र आत आली नाही. सकाळी मुलीचा फोन. माझ्या शब्दावर तिचा भरवसा नाही, फोन किराणावाल्याला द्यायला लावला.

तो खोकत म्हणाला, "बाई, तुया बाप काट्यात निजते, पण खोकलत नाई. खोकलून राह्यलो मी. दोन स्वेटर घालून!"

परत आलो तर मुलगी घरी बसलेली. आधी कपाळाला हात लावून पाहिला, मग पोटऱ्यांवरचे ओरखडे.

"हे काय जी, बाबा?"

"हिमालय."

माजरीचं नाव तिनं काढलं नाही. चहा ठेवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी, ती उठायच्या आत, मी पोतं अंगणात झटकलं, त्यात शेणखत भरलं अन् डोक्यावर घेऊन बांधीवर गेलो.