यानाला ब्रेक कुठंय?

नांदेडच्या आम्हा रेल्वे ड्रायव्हर लोकांनी अंतराळातले सिनेमे बघू नयेत, असा नियमच पाहिजे. प्रत्येक सिनेमातून एक भांडण घेऊन येतो आम्ही, आणि महिनाभर रनिंग रूममध्ये, म्हणजे आमच्या मुक्कामाच्या खोलीत, तेच तापवत बसतो!

*

पहिला भडका माझाच. पडद्यावर शहराएवढं यान सुसाट आलं आणि ग्रहाच्या दारात गपकन थांबलं. कोळशाची भरलेली मालगाडी थांबवायची तर मला किलोमीटरभर आधीपासून तयारी लागते! मी ओरडलो, "अरे, ब्रेक कधी लावला?"

पुढच्या रांगेतले काका वळून म्हणाले, "तुमी तोंडाला लावा आधी."

*

आमचे गार्ड शिरसाट पूर्वी फौजेत होते. त्यांचा राग लढाईवर. "सगळी जागा मोकळी हाय. वरून या, खालून या! हे शहाणे समोरासमोर रांग लावून मरून राहिले. आन् सेनापती कुठं? सगळ्यात पुढं, काचेच्या खिडकीत!"

इंटर्व्हलमध्ये त्यांनी समोशाच्या प्लेटवर चटणीने ती लढाई नव्याने मांडली. पाच मिनिटांत शत्रू खलास. "आता पुढचं बघायचं कशाला?" म्हणाले आणि खरंच घरी गेले.

*

माझा असिस्टंट बालाजी धर्माबादचा, एरवी गरीब माणूस. सिग्नल दिसला की त्याने मोठ्याने पुकारायचा, मी परत पुकारायचा, ही आमची ड्युटीची रीत. सिनेमात यानासमोर लाल दिवा लागला.

"लाल!" बालाजी ओरडला. माझ्याही तोंडून गेलं, "लाल!"

यान तसंच आत घुसलं. बालाजी उभा राहून किंचाळला, "सस्पेंड करा त्याला!" हीरो होता तो.

*

शेवटी माझ्या बायकोने, मंगलने, दम भरला. "लग्नाचा वाढदिवस हाय. एक सिनेमा गुमान बघू द्या. तोंड उघडलं तर पुन्हा तुमच्यासंग कुठंच येणार न्हाई."

ती बोलते तसंच करते. आणि तिला आधीच माझ्या नोकरीचा राग. रिलीफचा, म्हणजे बदलीचा, ड्रायव्हर आल्याशिवाय इंजिनवरून उतरायचं नाही, हा आमचा नियम. आमची पोरगी जन्मली तेव्हा मी लातूर रोड स्टेशनात मालगाडी घेऊन उभा होतो, रिलीफची वाट बघत.

म्हणून मी तोंडात रुमाल धरून बसलो. हवा नसलेल्या जागी स्फोटांचे आवाज झाले, मी गप्प. नेमके मागच्याच रांगेत आलेले शिरसाट ढोसत होते, तरी गप्प. संताप नुसता गिळत होतो.

शेवटाकडे हीरोला निरोप आला, बायकोला कळा सुरू झाल्यात. गडी चालू लढाईत यान सोडून उतरला आणि पुढच्याच शॉटला तिच्या उशाशी हजर! सगळं थिएटर डोळे पुसायला लागलं.

मंगल ताडकन उभी राहिली.

"उतरलाच कसा हा?" ती पडद्याकडे बोट करून ओरडली. "रिलीफ आला व्हता का ह्याचा?"