पिंपातली तूट

कॉटन ग्रीनच्या आमच्या गोदामात किस्से शोधावे लागत नाहीत. मालक फॉरेनला जाऊन आला की ते आपोआप साठतात. पूर्वी इथे कापसाच्या गाठी होत्या, तेव्हा कोणाला काही सांगण्यासारखं घडत नव्हतं. आता ब्रँडी आहे. मी इथला मुकादम. शाळा चौथीपर्यंत. दारू पीत नाही आणि मूर्खपणाला हसल्याशिवाय राहत नाही.

* * *

आमचे शेठ तिशीतले. फ्रान्सहून ओकच्या लाकडाची पिंपं आणली आणि नाशिकच्या द्राक्षांची ब्रँडी त्यांत भरली. पहिल्याच दिवशी आम्हाला ओळीत उभं करून लेक्चर! "काका, तिकडे तांब्याच्या भांड्यात दोनदा गाळतात. मग वर्षानुवर्षं लाकडात मुरवतात. आजोबा भरतो, नातू पितो. पेशन्स लागतो, पेशन्स!"

हे दिवाळीनंतर. होळीला मला विचारतात, "काका, झाली असेल ना तयार?"

मी म्हटलं, "शेठ, आधी नातू तर होऊ द्या!"

* * *

शनिवारी लोअर परळच्या ऑफिसांतली मंडळी 'टेस्टिंग'ला येतात. फुग्याएवढा ग्लास, त्यात घोटभर ब्रँडी. ती गोल गोल फिरवायची आणि आत नाक खुपसायचं.

एक बाई म्हणाल्या, "मला जर्दाळू येतोय."

दुसरा म्हणाला, "मला जुनं चामडं."

तिसऱ्याने डोळे मिटले. बराच वेळ घेतला. "जुनं, ओलसर गोदाम!"

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

अरे, गोदामातच उभा आहेस तू!

* * *

मध्यंतरी हुकूम निघाला, जाळी झाडायची नाहीत. का? तर फ्रान्सच्या तळघरांत कोळ्यांना कोणी हात लावत नाही. लाकूड पोखरणारे किडे ते खातात. झालं, छपरापासून पिंपांपर्यंत जळमटं लोंबायला लागली. शेठ पाहुण्यांना ती कौतुकाने दाखवायचे.

एकदा शेठच्या मातोश्री आल्या. दारातच थबकल्या. "मेल्या, धंद्याच्या जागेत ही अवदसा?" पदर खोचला, झाडू मागितला आणि तासाभरात सगळं साफ.

शेठ बाजूला उभे. फ्रान्सला जाऊन आलेल्या हातांनी आईची शिडी धरून!

* * *

वर्षाने पिंपांत काठी घालून पातळी बघितली. प्रत्येकात तूट! शेठचा संशय थेट गणपतवर. गणपत आमचा रात्रीचा वॉचमन, मालवणकडचा, केस पिकलेला. ब्रँडी त्याने सर्दीलासुद्धा घेतली नसेल. तरी रोज सकाळी सगळ्यांसमोर, "ए गणपत, तोंड उघड," आणि शेठ वास घेणार.

गणपत मला म्हणाला, "मुकादमानु, या वयात चोरीचो आळ घेवन चाळीत तोंड कसा दाखवू?"

मी शेठना सांगितलं, "त्याला काढलंत तर मीही चाललो."

शेठ म्हणाले, "फ्रान्सचे एक्स्पर्ट येतायत. चोरी निघाली की गणपत त्याच दिवशी बाहेर."

फ्रेंच साहेब आला. पिंपांवर टकटक केली, काठी घातली आणि हसत सुटला. सोबतच्या दुभाषी मुलीने सांगितलं, "चोरी नाही. लाकडातून ब्रँडी थोडी थोडी उडून जातेच. तिकडे त्याला देवदूतांचा वाटा म्हणतात."

"मग तिकडे कमी आणि माझ्याकडेच एवढी का?" शेठ गुरकावले.

"इथे उकाडा जास्त."

मला वाटलं, आता शेठ माफी मागतील. कसली माफी! साहेबाची गाडी फाटकाबाहेर पडल्याबरोबर गणपतला हाक. "हे बघ, देवदूतबिवदूत मला पटत नाही. तू राहा कामावर. पण रात्री डोळा लागता कामा नये. कोण येतं ते नीट बघ आणि मला फोन कर."

गणपतने हात जोडले. चेहऱ्यावरची सुरकुती हलली नाही.

"करतंय, शेठ. पण देवदूत इले तर तेंका आधी अडवू, की तेंच्या तोंडाचो वास घेव?"